ड्रॉ म्हणजे काढणे

सुनेचा निरोप फोनवर आला तेव्हा सर दाढी करत होते. अर्ध्या गालावरचा साबण तसाच ठेवून त्यांनी चष्मा चढवला. निरोप इंग्रजीत होता, कारण सून परदेशातली. लग्नानंतर ती पहिल्यांदाच सासरी येत होती, तान्ह्या नातीला घेऊन. 'उद्या दुपारी पोचतो. बाळ आल्या आल्या झोपेल. प्लीज ड्रॉ द कर्टन्स इन हर रूम.'

सरांनी तो दोनदा मोठ्याने वाचला. शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलेला माणूस. औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय इथपासून मुलाखतीत काय बोलायचं इथपर्यंत सगळी गल्ली त्यांच्याकडे यायची. पण खुद्द इंग्रजांच्या मुलखातल्या मुलीने नवऱ्याला मध्ये न घेता थेट सासऱ्याला लिहावं, याने त्यांची छाती जरा जास्तच फुगली.

"काय म्हणते?" बायकोने विचारलं.

"पडदे ड्रॉ करा म्हणते."

"ओढून घ्या म्हणत असेल. बाळाला उजेड नको झोपताना."

मागच्या बाकावरून उत्तर आलं की सर जसे हसायचे, तसे हसले. "अगं, ओढणं म्हणजे पुल. ओढायचे असते तर तिने पुल लिहिलं असतं. तिची मातृभाषा आहे ती. ड्रॉ म्हणजे काढणे. चित्र काढतात, विहिरीतून पाणी काढतात, बँकेतून पैसे काढतात. कुठेही बघ, काढणेच."

"बरं," म्हणून ती आत गेली.

सर दाढी आटोपून, पेपर वाचून आत आले, तर बाळाच्या खोलीची खिडकी उघडीबोडकी. पडदे न्हाणीघरातल्या बादलीत साबणाच्या पाण्यात बुडालेले.

"हे कोणी सांगितलं?"

"तुम्हीच. काढा म्हणालात, काढले. काढलेच आहेत तर म्हटलं धुऊन टाकावेत."

"काढा म्हणजे उतरवा नव्हे. काढा म्हणजे, हे आपलं, चित्र काढा."

"पडद्याचं चित्र?"

बायकोने हे इतक्या शांतपणे विचारलं, की सरांना स्वतःलाच ते जरा चमत्कारिक वाटलं. पण शब्द तोंडातून गेला होता, आणि दिलेला अर्थ मागे घेण्याची सवय त्यांना शाळेतही नव्हती. "त्यांच्याकडे लहान मुलांच्या खोल्या रंगवतात," ते म्हणाले. "कोणी ढग काढतं, कोणी हत्ती. हिला पडदे आवडत असतील. आपण कोण विचारणार?"

दुकानांच्या पाट्या रंगवणारा पेंटर सरांचाच जुना विद्यार्थी. तो डबे घेऊन आला आणि खिडकीकडे, मग सरांकडे बघत राहिला.

"सर, खरे पडदे शिवून का नाही घेत?"

"सुनेची इच्छा आहे. तिच्याच शब्दांत आली आहे."

"मग प्रश्न नाही. उघडे काढू की मिटलेले?"

निरोपात याचा खुलासा नव्हता. सरांनी विचार केला. "उघडे काढ. घर मोकळं वाटेल."

बाळाची खोली म्हणून पेंटरने बिनवासाचा रंग आणला होता. पाट्यांवर सरळ अक्षरं काढून कंटाळलेल्या त्या माणसाने हात मोकळा सोडला. खिडकीच्या दोन्ही बाजूंना भिंतीवर लाल मखमल उतरली. तिला चुण्या पडल्या, चुण्यांना सावल्या पडल्या, मध्ये सोनेरी गोंडे आले. संध्याकाळपर्यंत शेजारीपाजारी बघून गेले. कोपऱ्यावरच्या शिंपिणीने तर कापड केवढ्याला मीटर म्हणून विचारलं. सर प्रत्येकाला सांगत होते, "सूनबाईंनी मुद्दाम लिहून कळवलं होतं."

बायकोने बादलीतले पडदे पिळून गच्चीवर घातले. पण आभाळ भरलेलं होतं. ते दुसऱ्या दिवशी दुपारीही ओलेच होते, आणि ऊन नेमकं पाहुणे दारात आले तेव्हा पडलं.

नात रडतच घरात शिरली. मुलगा सामान उतरवत राहिला. सून बाळाला घेऊन खोलीत गेली, सासू मागोमाग, आणि शाबासकी ऐकायला सर दाराशी. ऊन थेट पाळण्यावर आलं होतं. सुनेने बाळाला एका हातावर घेतलं, खिडकीशी जाऊन दुसरा हात लाल पडद्याकडे नेला आणि कड धरून ओढला. बोटं भिंतीवरून सरकली. तिने पुन्हा ओढून पाहिलं. मग गोंड्याला हात लावला, भिंतीवर टिचकी मारली आणि सावकाश वळून सासऱ्याकडे बघितलं.

सरांना त्या एका नजरेत ड्रॉचा सगळा अर्थ कळला.

बायको बोलली असती तर बरं, असं त्यांना वाटलं. तिने फक्त कपाटातली जाड चादर काढून त्यांच्या हातात दिली. सर स्टुलावर चढले आणि दोन्ही हात ताणून खिडकीत उभे राहिले. खोलीत अंधार झाला. सुनेचे खांदे हलत होते. ती रडते की काय म्हणून सर घाबरले, पण ती ओठ घट्ट मिटून हसत होती.

"बाबा, फार सुंदर पडदे," ती कुजबुजली. मराठीत. सासरी येण्याआधी ती गुपचूप शिकून आली होती. सरांचे दंड भरून आले होते, तरी चादर तसूभर खाली आली नाही.

थोड्या वेळाने बाळ झोपलं. पंखा मंद फिरत होता. मुलगा बाहेर कुणाशी तरी फोनवर बोलत होता, म्हणून सासू हळूच म्हणाली, "दार लाव गं."

सुनेने दार बंद केलं. लावणे, बंद करणे. अर्थ बरोबर लागल्याचं तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

"आता पंखा जरा जोरात लाव."

सून उठली, बटणापाशी गेली आणि तिने पंखा खटकन जोरात बंद केला. बाळ दचकून उठलं आणि त्याने भोकाड पसरलं.

सासूने कपाळाला हात लावला. "सून तुमचीच," ती चादरीकडे बघून म्हणाली.

"चुकली नाही ती," चादरीआडून सरांचा आवाज आला, आणि तो अभिमानाने नुसता भरून आला होता. "एकदा शिकलेला अर्थ तिने शेवटपर्यंत सोडला नाही."