मानेवरची पिसं

"आखाड संपायच्या आत अंडं दिसलं नाय, तर नऊच्या नऊ टोपात जातील," सकुबाईने बदकांपुढे कोंडा टाकता टाकता सांगून टाकलं. "मंग बोलू नका, आधी सांगितलं नाय म्हणून."

हायस्कुलातल्या कारकुनीतून निवृत्त झाल्यावर मुरबाडच्या बाजारातून तिच्या नवऱ्याने, देवरामने, ही बदकं पिल्लं असताना आणली होती. अख्ख्या शेणवे गावात त्याच्यामागे रांगेने चालणारं दुसरं कोणी नव्हतं.

त्यातल्या चार बदकांच्या मानांवरची पिसं गेली होती. देवरामने बदकपालनाची जुनी पुस्तिका काढली. पाच माद्यांमागे एक नर पुरे, असं तीत लिहिलं होतं. नर जास्त झाले की माद्यांना छळतात, अंडी मिळत नाहीत. जादा नर काढून टाकावेत. नर ओळखावा कसा, ते पान मात्र वाळवीने खाल्लं होतं.

"त्यात काय वळखायचं?" सकुबाई म्हणाली. "बोंबलतो तो कोंबडा."

देवरामला ते पटलं. चार बदकं दिवसभर आळी डोक्यावर घेत, पाच घोगऱ्या आवाजात पुटपुटत. शिवाय त्या पाचांच्या शेपटीवर एकेक पीस छान वळलेलं, बाईमाणसाने नटावं तसं. म्हणजे नर चार, माद्या पाच. पिसं गेलेलीही चार बोंबलणारीच होती. नर आपसात भांडले असतील, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

लेक नम्रता किन्हवलीला दिली होती. तिचा सासरा लडकू रविवारी आला, तेव्हा तीन बोंबलणारी बदकं पाटीत घालून देवरामने त्याला भेट दिली.

"आखाड गोड झाला, याही," लडकू म्हणाला आणि एसटीला गेला.

दुसऱ्या दिवसापासून पाच माद्या मिळून एकुलत्या एक नराच्या मागे लागल्या. तो बिचारा सकुबाईच्या लुगड्याआड लपू लागला.

"एवढ्या बायका झेपत नाय त्याला," सकुबाई म्हणाली. "आन् अंडं कुठंय?"

आठ दिवसांनी लडकू परत आला. हातातल्या डब्यात तुसात नीट बसवलेली डझनभर अंडी होती.

"याही, तुमचे नर लय गुणाचे," तो म्हणाला. "कापायला सुरी घेतली, बघतो तर पाटीत अंडं. सुरी ठेवली खाली. अवो, बदकात मादी बोंबलते. नर घोगरा, शेपटीचं पीस वळलेलं."

देवरामने अंगणात पाहिलं. पाच वळलेली पिसं ऐटीत फिरत होती. सकुबाई अंड्यांकडे आणि मग नवऱ्याकडे पाहत राहिली. घरी आता पाच नर आणि एक मादी. माद्या परत मागाव्यात, तर लेकीच्या सासरी दिलेली वस्तू मागायची कशी?

"आमाला एक नर द्या," लडकू म्हणाला.

"चार न्या," देवराम घाईघाईने म्हणाला. मोठेपणाही राहिला आणि छळही टळला, असं त्याला वाटलं. लडकूला संकोच वाटला, पण पाटी मोठी होती.

नागपंचमीच्या चार दिवस आधी शेजारच्या दुकानातल्या फोनवर लडकूचा आवाज आला. "याही, चौघांनी मिळून माझ्या माद्यांच्या माना सोलल्या. तुमी पुस्तक वाचलेले. काय करू?"

खरं सांगावं, तर जादा नर काढा म्हणायचं, आणि ते तर देवरामनेच गळ्यात घातलेले. तो तोंड उघडणार, तोच बाजूला उभ्या असलेल्या सकुबाईने फोन हातातून घेतला.

"भाऊ, नम्रता पंचमीला येतेच हाय ना? तिच्याबरोबर धाडा त्यांना पण माहेरपणाला. माना भरल्या की परत धाडू."

नम्रता आली ती पाटीत तीन माद्या घेऊनच. अंगणात चार माद्या, एक नर; पुस्तिकेच्या हिशेबाला एकच कमी. आखाड कधीच संपला होता, पण टोपाचं नाव कोणी काढलं नाही. सकाळी सकुबाई बदकांच्या डालग्यात हात घाली, आणि तो कधी रिकामा बाहेर येत नसे.

पंचमी झाल्यावर नम्रता सासरी गेली. लडकूचा फोन दर आठवड्याला येई. "भरल्या का माना?"

देवराम चष्मा लावून अंगणात जाई, चारही माना निरखून पाही आणि परत येऊन खाली मान घालून सांगे, "अजून थोडी कसर हाय, याही."

दिवाळीपर्यंत चारही मानांवर हात बुडेल एवढी दाट पिसं आली. त्यानंतर देवराम बदकं पाहायला बिनचष्म्याचा जाऊ लागला.