सत्तेचाळीस नंबरचं टुणुक

सत्तेचाळीस नंबरची बस थांब्यावर आली तीच एका अंगावर कलून. पुढच्या दारात पाय ठेवायला जागा नव्हती.

"मागून चढा, मागून!" ड्रायव्हर चोन स्टिअरिंगवरून मान मागं वळवून ओरडला. "पण भाडं पुढं पाठवा हं! नाहीतर पुढच्या थांब्यावर खाली उतरवीन."

मेक्सिकोतल्या ग्वादालाहारात ही रीत जुनीच. मागच्या दारानं चढलेल्यानं नाणी पुढच्याच्या हातात ठेवायची. ती हातोहात ड्रायव्हरपर्यंत जातात आणि सुटे पैसे त्याच वाटेनं परत येतात. इतक्या वर्षांत एक पेसो कधी वाटेत जिरला नाही. हल्ली नाण्यांच्या जागी कार्डं आणि फोन जातात, एवढाच काय तो फरक.

एर्मेलिंदानं नवऱ्याला दंडाला धरून वर चढवलं आणि त्याच्या कानाशी पुटपुटली, "अहो, आज फोन नाही द्यायचा पुढं. दवाखान्याचा फोन आला म्हणजे?"

"मग काय फुकट जायचं?" डॉन कासियानो ताठ उभे राहिले; 'डॉन' म्हणजे तिकडचं 'राव'. "चाळीस वर्षं या बसनं जातोय मी. एकदा तरी फुकट गेलोय का, विचार कुणालाही. दे फोन."

"नाणी द्या ना त्यापेक्षा."

"नाणी! अगं, जमाना कुठं चाललाय आणि तू कुठं उभी आहेस?"

जमान्याचं खरं कारण एर्मेलिंदाला पक्कं ठाऊक होतं. डॉन कासियानोंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. वर्षापूर्वी बाजारात त्यांनी कोथिंबिरीच्या एका जुडीला दहा-दहाची चार नाणी दिली आणि वर ऐटीत "ठेव, ठेव" म्हणाले. त्या दिवसापासून घरातून नाणी हद्दपार झाली आणि बसचं भाडं फोननं भरणं सुरू झालं. आठवड्यातून तीनदा ते एकटे बटणं आणि दोऱ्याची रिळं आणायला जायचे आणि घरी आल्यावर कौतुकानं सांगायचे, "फोन लावला की टुणुक! कसली नाणी नि कसलं काय!" फोनही मोठा काटकसरी निघाला. नाताळात भाड्यासाठी भरलेले पैसे मे उजाडला तरी फारसे हलले नव्हते. नव्या वस्तूंना बरकत असते म्हणतात ती हीच, असं एर्मेलिंदाला वाटायचं.

मोतीबिंदूचं कुणापाशी बोलायचं नाही, अशी त्यांनी तिला झापोपानच्या मेरीमातेची शपथ घातली होती. शिंप्याला दिसत नाही हे गल्लीत कळलं तर दुकानाला टाळंच लागायचं. म्हणून सुईत दोरा ओवायचं काम एर्मेलिंदा पडद्याआड करायची आणि कापड डॉन कासियानो अंदाजानं कापायचे. सरकारी दवाखान्याच्या यादीत नाव लावून चौदा महिने झाले होते. शेवटी एकदाचं पत्र आलं: या आठवड्यात फोन येईल, दोनदा करू, उचलला नाही तर पाळी पुढच्याला आणि तुमचं नाव पुन्हा यादीच्या तळाला. चार दिवस दोघं फोनसमोर बसून होती. एर्मेलिंदाचा स्वतःचा फोन मार्चमध्ये सुपाच्या पातेल्यात पडून गेला होता, म्हणजे घरात चालू फोन तेवढाच. आणि पाचव्या दिवशी काळी बटणं संपली.

"मोबाइल आहे तो," डॉन कासियानो सकाळी म्हणाले होते. "घरी राखत बसायला तो काय अंड्यावरची कोंबडी आहे?"

तर असा तो फोन शेवटी पुढं निघाला. एर्मेलिंदाच्या पुढं एक माणूस दोन्ही हातांनी केकचं मोठं खोकं छातीशी धरून उभा होता. तो वळला तसं तिनं ओळखलं. गल्लीतल्या खिळ्या-स्क्रूच्या दुकानाचा मालक फिदेन्सियो! नवऱ्याचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक.

"सासूबाईंच्या नावाच्या संताचा सण आहे आज," तो म्हणाला. "माझे दोन्ही हात गुंतलेत. ठेवा खोक्यावर, मी सरकवतो."

"दोघांचं भाडं," एर्मेलिंदा म्हणाली आणि तिनं फोन खोक्याच्या झाकणावर ठेवला. ठेवतेय न ठेवतेय तोच तो वाजायला लागला. वाजता वाजता थरथरत तो झाकणावरून कडेकडे चालत सुटला.

"उचला! अहो, कुणीतरी उचला!"

फोन कडेवरून घसरला तो थेट खाली बसलेल्या आंपारोबाईंच्या मांडीत पडला. आंपारोबाई म्हणजे निवृत्त मास्तरीण. अर्धी गल्ली त्यांच्या हाताखालून गेलेली. त्यांनी चष्मा सावरून फोनकडे पाहिलं आणि लाल बटण ठामपणे दाबलं.

"अहो, बंद का केलात?"

"लोकांचे फोन मी उचलत नाही. तसं वळण नाही आमच्यात." असं म्हणून त्यांनी फोन पुढं दिला.

एर्मेलिंदानं नवऱ्याचा दंड घट्ट धरला. "एक गेला," ती नवऱ्याला म्हणाली. "आता एकच राहिला."

"हळू बोल. फिदेन्सियो ऐकतोय."

"फोन मागं पाठवा!" एर्मेलिंदा ओरडली. "भाडं राहू दे, फोन मागं पाठवा!"

पण पुढं निघालेली वस्तू भाडं भरल्याशिवाय मागं येत नाही, हाही रिवाजच. फोन चार डोकी ओलांडून गेलासुद्धा. पुढून दोनदा 'पीप्, पीप्' ऐकू आलं आणि कुणीतरी ओरडलं, "भरलं हो!"

"नाही भरलं," डॉन कासियानो म्हणाले. "टुणुक झालंच नाही."

"अहो, दोनदा वाजलं की."

"मला शिकवू नकोस. तू कधीतरी येतेस, मी नेहमी भरतो. टुणुक होतं."

यावर एर्मेलिंदा काय बोलणार होती कोण जाणे, पण तेवढ्यात फोन दुसऱ्यांदा वाजला. आता तो चोनच्या हातात होता आणि चोनच्या डोक्यावर पाटी होती: गाडी चालवताना ड्रायव्हरनं फोनवर बोलू नये. चोन नियमानं चालणारा माणूस. त्यानं बस होती तिथंच, भर रस्त्यात थांबवली, ब्रेक ओढला आणि इंजिन बंद केलं.

"आता बस चालत नाही," तो म्हणाला. "आता बोलता येतं." मागं भोंग्यांचा एकच कल्लोळ उठला.

"कासियानो ओरोस्को कोण? दवाखान्यातनं बाई बोलतायत!" चोननं फोनचा आवाज मोठा केला, तसा बाईंचा वैतागलेला सूर अर्ध्या बसला ऐकू आला.

"पेशंट जवळ आहे का?"

"आहेत. पण मागच्या दारात आहेत. मधे सत्तर माणसं आहेत."

"सत्तर?"

"आणि एक केक."

"हे पहा, माझ्याकडं वेळ नाही. वजन किती?"

"वजन विचारतायत हो!" चोन ओरडला. आंपारोबाईंना आता राहवेना. फोन बंद केल्याचं त्यांच्या मनाला लागलं असावं. त्या उठून उभ्या राहिल्या आणि वर्गात प्रश्न विचारावा तशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "वजन?"

"बहात्तर," डॉन कासियानो पुटपुटले.

"एक्क्याण्णव!" एर्मेलिंदा म्हणाली.

"एक्क्याण्णव!" आंपारोबाईंनी पुढं कळवलं. मधल्या रांगेतून कुणीतरी "बाप रे" म्हणालं.

"साखर?"

"आहे," एर्मेलिंदा ओरडली. "आणि गोड चोरून खातात."

"दारू?"

"सणासुदीला," डॉन कासियानो.

"आमच्याकडं रोजच सण असतो, लिहा," एर्मेलिंदा.

डॉन कासियानो मान खाली घालून फिदेन्सियोच्या पाठीमागं दडले होते. "अजून आजार कुणाला कळला नाही," ते कुजबुजले. "पोटाचं काही असेल असंच वाटू दे."

आणि नेमकं तेव्हाच फोनमधल्या बाई म्हणाल्या, "आता पेशंटनं स्वतःच्या तोंडानं सांगायचं. आजार काय आणि ऑपरेशनला तयार आहे की नाही. त्याचाच आवाज लागतो, दुसऱ्या कुणाचा चालत नाही. नाहीतर मी पुढचं नाव घेते."

सत्तर माना मागं वळल्या. डॉन कासियानो फिदेन्सियोच्या पाठीमागं आणखी आत सरकले.

"बोला ना हो," एर्मेलिंदा म्हणाली.

"फिदेन्सियो उभाय इथं."

"फिदेन्सियो गेला खड्ड्यात. परवा मी निळा झगा घालून तुमच्यासमोर उभी राहिले, तर तुम्ही विचारलंत, खिडकीचा पडदा का काढलास. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. दुकान राहिलं काय नि गेलं काय. मला माझा नवरा बघणारा हवाय. बोला!"

डॉन कासियानो खाकरले. मग हळूच काहीतरी बोलले.

"ऐकू येत नाही," फोनमधल्या बाई म्हणाल्या.

"मोठ्यानं, कासियानो!" आंपारोबाई गरजल्या. "शेवटच्या बाकापर्यंत आवाज आला पाहिजे!"

"मला दिसत नाही!" डॉन कासियानो छाती फुटेस्तोवर ओरडले. "दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही! मोतीबिंदू आहे! मी तयार आहे, कधी येऊ बोला!"

फोनमधून टाइपिंगची टकटक आली आणि बाई म्हणाल्या, "गुरुवार. सकाळी सात. उपाशीपोटी."

"गुरुवार, सात, उपाशी!" चोन आनंदानं ओरडला आणि सगळ्या बसनं टाळ्या पिटल्या. फिदेन्सियोला टाळी वाजवता येईना म्हणून त्यानं पाय आपटले. एर्मेलिंदा रडत होती आणि हसतही होती. चौदा महिन्यांचं ओझं कुणीतरी तिच्या डोक्यावरून उतरवून हातोहात बसबाहेर नेऊन ठेवलं होतं.

डॉन कासियानो मात्र खाली मान घालून उभे होते. बस सुरू झाली तरी त्यांनी मान वर केली नाही.

"डॉन कासियानो," फिदेन्सियो केक सांभाळत जमेल तेवढा वळला. "जरा माझ्या पायांकडं बघा. नाही, राहू दे. हात लावून बघा."

डॉन कासियानोंनी वाकून हात लावला. फिदेन्सियोच्या पँटचा डावा पाय उजव्यापेक्षा चांगला चार बोटं वर संपत होता.

"हे मी केलं? कधी?"

"ईस्टरला."

"आणि बोलला नाहीस?"

"काय बोलणार? बायको म्हणाली, डॉन कासियानोंचे डोळे गेलेत, सांगितलंस तर दुकान बंद करतील, मग तुझ्या मापाचा शिंपी मी कुठून आणू? मी आपला डावा गुडघा जरा वाकवून चालतो. सवय झाली."

"माझ्या झग्याला काजं पुढं आहेत आणि बटणं पाठीला," आंपारोबाई पुढून म्हणाल्या. "या उकाड्यात मी शाल का पांघरते असं वाटलं तुला?"

"म्हणजे सगळ्यांना माहीत होतं?"

"सगळ्यांना," फिदेन्सियो म्हणाला. "आम्हाला माहीत आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं, एवढंच."

तेवढ्यात फोन हातोहात परत आला. वाटेत कुणीतरी त्याला गुरुवार, सात, उपाशी असा कागद चिकटवला होता.

ऑपरेशन झकास झालं. तीन आठवड्यांनी उजव्या डोळ्याला नवी नजर घेऊन डॉन कासियानो एर्मेलिंदाबरोबर थांब्यावर आले, तेव्हा बस बरीच रिकामी होती. ते ऐटीत पुढच्या दारानं चढले.

"बघ आता, कसं भरतात ते," ते बायकोला म्हणाले आणि सवयीनं फोन डावीकडं नेला. तिथंच त्यांचा हात थांबला.

डावीकडं झापोपानच्या मातेची चौकटीतली तसबीर टांगलेली होती. चौकटीचा सोनेरी रंग एका कोपऱ्यात घासून घासून पार उडाला होता. भाड्याचं यंत्र उजवीकडं होतं, चांगलं विटेएवढं, वर हिरवा दिवा. डॉन कासियानोंनी एकदा इकडं पाहिलं, एकदा तिकडं पाहिलं. मग फोन उजवीकडं लावला.

पीप्.

एर्मेलिंदाला नाताळात भरलेले पैसे आठवले आणि त्यांची बरकतही आठवली. तिनं पटकन पदरासारखा रुमाल तोंडावर धरला.

"चोन," डॉन कासियानो म्हणाले. "ते टुणुक कुठं गेलं रे?"

चोन नाकासमोर रस्त्याकडं बघत राहिला. त्याचे कान मात्र लाल झाले. मग ओठ न हलवता, अगदी नेहमीच्याच आवाजात तो म्हणाला, "टुणुक."

आता काही खरं नाही, असं एर्मेलिंदाला वाटलं. चाळीस वर्षं एकदाही फुकट न गेलेला माणूस! डॉन कासियानोंनी चोनला नखशिखान्त न्याहाळलं. नजर त्याच्या छातीवर येऊन अडली.

"शर्टाचं तिसरं बटण कुठाय?"

"तुटलं. दोन महिने झाले. तुमच्याकडं आणणार होतो, पण..."

"पण आंधळ्याकडं कशाला, असंच ना? काढ शर्ट."

"अहो, बस चालवतोय मी!"

"सिग्नल लाल आहे. मला दिसतोय. काढ."

ते ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसले. कॉलरच्या आत टोचलेली सुई त्यांनी काढली आणि खिशातून रीळ काढलं. एर्मेलिंदानं सवयीनं हात पुढं केला. त्यांनी सुई दिली नाही. डावा डोळा मिटला, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, आणि सिग्नल सुटून बस खड्ड्यात आदळली त्याच क्षणी दोरा एका दमात सुईतून पार झाला. एर्मेलिंदानं तो आरपार गेलेला पाहिला आणि पुढं केलेला हात मागं घेतला.

शेवटच्या थांब्यापर्यंत चोननं बस बनियनवरच चालवली. वाटेत जो चढे तो त्याच्याकडं बघून तोंड उघडे, आणि डॉन कासियानो बटणावरून मान न काढता म्हणत, "आधी भाडं. फोन उजवीकडं लावा, उजवीकडं. डावीकडं आई आहे."