हिराजीभाऊंचा भोंगा

या, अशा जवळ बसा. खुर्चीत नको, खुर्ची लांब पडते. इथं ओटीवर, माझ्या शेजारी. किती महिन्यांनी आठवण झाली हो? कामणच्या रस्त्यानं गोदामांकडं जाता-येता आमच्या गावाची पाटी दिसते ना तुम्हाला? मग तिथं पाय का अडत नाहीत? जाऊ दे. आलाच आहात तर तो फोन उपडा ठेवा आणि नीट ऐका. मध्येच भोंगा वाजेल, तेव्हा दचकू नका. ते आमचे हिराजीभाऊ.

परवाचीच गोष्ट. गॅसवर दूध ठेवून मी कुंपणाशी शेजारणीबरोबर बोलत उभी होते. हिराजीभाऊ पलीकडून चालले होते, माझ्यापासून दोन हातांवर. दुसरा कुणी असता तर "वयनी, दूध" एवढं म्हणून पुढं गेला असता. हे थांबले, खाकरले, भोंगा तोंडाला लावला आणि म्हणाले, "सर्व नागरिकांना कळविण्यात येते की घर क्रमांक सात येथील दूध उतू जात आहे. तरी संबंधितांनी नोंद घ्यावी."

संबंधित म्हणजे मी. दोन दिवस बायका मला विचारत होत्या, दूध वाचलं का.

हिराजीभाऊ माझ्या मालकांचे चुलतभाऊ. जन्मभर त्यांनी एकच काम केलं, पाण्याची चावी फिरवायचं. कुठल्या आळीला किती वाजता पाणी सुटणार ते ह्यांच्या मनगटात. त्यामुळं गावातल्या बायका नवऱ्याला भ्यायच्या नाहीत एवढ्या ह्यांना भ्यायच्या. रिटायर झाले, चावी दुसऱ्याच्या हातात गेली, आणि ह्यांच्या हाताला काही फिरवायलाच उरलं नाही. दोन महिने घरातल्या बरण्यांची झाकणं फिरवत बसले असतील. तिसऱ्या महिन्यात वॉर्ड ऑफिसात जाऊन फळ्यावरचे कागद वाचायला लागले.

तुम्ही म्हणाल, वाचू दे की. पण हे वाचून थांबत नव्हते. वहीत उतरवून आणायचे आणि गावात मोठ्यानं वाचून दाखवायचे. कचऱ्याची गाडी कधी येणार, कुत्र्यांना लस कधी, आधार कार्डावरचं नाव कुठं दुरुस्त होणार, पाणी कधी बंद. ऑफिसची भाषा त्यांच्या जिभेवर अशी चढली की साधं बोलणंच बंद झालं. एका मयताला गेलो होतो. प्रेत अजून अंगणात होतं, आणि हे दारात उभे राहून सांगत होते की मयताच्या नातेवाइकांनी चपला एका ओळीत ठेवून सहकार्य करावे. ठेवल्या लोकांनी. रडता रडता ठेवल्या.

आवाज पुरेना म्हणून वसईच्या बाजारात एका फेरीवाल्याकडून त्याचा जुना भोंगा घेतला. भाजीच्या गाडीवर लावतात ना, बटण दाबलं की तेच तेच ओरडत राहतो, तसला. त्यात त्या भाजीवाल्याचा आवाज भरलेला होता, तो तसाच राहिला. भाऊंचा अंगठा जाडा, बटणं बारीक. मग व्हायचं असं की, "सर्व श्वानमालकांना कळविण्यात येते की उद्या सकाळी शाळेच्या पटांगणात..." आणि पुढं एकदम दुसराच आवाज, "आलू ले लो, कांदा ले लो, लसून सस्ता, सस्ता लसून!" नवीन लग्न होऊन आलेली एक सून खरंच पिशवी घेऊन शाळेच्या पटांगणात गेली होती. तिथं सगळी कुत्री.

माझा मुलगा नीलेश गोदामात कॉम्प्युटरवर असतो. त्यानं दहा वेळा सांगितलं, काका, मी पुसून देतो तो भाजीवाला. दर वेळी हे म्हणायचे, बघू, बघू.

आणखी एक खोड होती. एकच सूचना पाच ठिकाणी द्यायची. आधी पिंपळाशी, मग शाळेशी, मग गावदेवीशी, मग तलावाशी, शेवटी डोंगराच्या पायथ्याशी. गाव केवढं आमचं? पिंपळाशी बोललेलं तलावाशी धुणं धुणाऱ्या बाईला स्पष्ट ऐकू येतं. तरी पाच वेळा. आणि स्वतःच्या फाटकाशी आले की भोंगा बंद. आत जाऊन खुंटीला टांगायचे. आम्ही म्हणायचो, बघा, बायकोपुढं कसा आवाज बसतो.

बायको म्हणजे चांगुणा. मधुमेहानं तिचे डोळे गेले, मागोमाग पायांतली ताकद गेली. खिडकीला लागून खाट, तिच्यावर ती. घर क्रमांक एक, डोंगराला सगळ्यात जवळचं. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. जायचं मात्र कोण? मी जायची दिवाळीला नि शिमग्याला, फराळाचं ताट घेऊन. दाराशी ताट द्यायची आणि काम पडलंय म्हणून परतायची. आता तुम्हाला आल्या आल्या बोलले ना, ते मला तरी कुठल्या तोंडानं बोलता येतं?

असो. मागच्या वर्षी पाऊस सरला, डोंगरावरचं गवत पिवळं पडायला लागलं आणि ऑफिसच्या फळ्यावर वणव्याचा कागद लागला. काय काळजी घ्यावी, गवत कुठं कापावं, कुणाला आधी हलवावं. हिराजीभाऊंनी तो कागद पोथीसारखा वाचला. शाळेत सभा बोलावली. दोन माणसं आली. त्यातला एक पाणी का येत नाही ते विचारायला आला होता.

मग ह्यांनी एकट्यानं कोयता घेतला. डोंगर आणि गाव यांच्या मधे जाळरेषा काढायला लागले. म्हणजे काय, तर दोन बैलगाड्या शेजारी शेजारी जातील एवढा पट्टा साफ करायचा, गवताची काडी ठेवायची नाही, म्हणजे वणवा तिथवर आला की त्याला खायला काही उरत नाही. आम्ही खालून बघायचो. कुणीतरी म्हणालं, हिराजी डोंगराचा भांग पाडतोय, आता तेल लावून वेणी घालणार. ते नावच पडलं, हिराजीचा भांग. पण पंधरा दिवस एक म्हातारा उन्हात वाकलेला रोज दिसायला लागला की लाज वाटतेच. आधी नीलेश गेला, मग आणखी चौघं. भांग पुरा झाला.

त्यावर भाऊंना समाधान नाही. आता म्हणाले तालीम. घराघराला काम वाटलेली यादी पिंपळाला चिकटवली. घर क्रमांक दोन, ओलं पोतं आणि हिरवी फांदी. घर क्रमांक तीन, ओलं पोतं आणि हिरवी फांदी. असं सगळं गाव. दोन पोरांना एक खुर्ची, उचलून न्यायला. आणि घर क्रमांक सात, सुमतीबाय, साहित्य काही नाही. काम: बोलणे.

मी वाचलं आणि माझ्या मागं सगळं गाव हसलं. शेजारीण म्हणाली, बरोबर माणूस निवडलं हो, वणवा कंटाळून परत जाईल.

मी तडक त्यांच्या अंगावर गेले. म्हटलं, भाऊ, थट्टा करायला मीच सापडले का? एरवी अख्ख्या गावाला ऐकवणारा माणूस, त्या दिवशी खाली बघून हळूच म्हणाला, "वयनी, तुमाला साहित्य लागनार नाय. जागा, घर क्रमांक एकची खिडकी. बोलत ऱ्हायाचं, बस." मला वाटलं, अजून खेचतायत. तालमीच्या दिवशी सगळं गाव पोती भिजवून डोंगराकडं पळालं, आणि मी रुसून घरात तांदूळ निवडत बसले. भाऊंनी वहीत तेवढं लिहिलं, घर क्रमांक सात, गैरहजर. भोंग्यावरून सांगितलं नाही, एवढे उपकार.

शिमगा झाला. उन्हं तापली. एका दुपारी, जेवणं होऊन भांडी घासायला घेतली होती, तेवढ्यात पिंपळाशी भोंगा वाजला. डोंगरापलीकडं कुणीतरी गवतात कचरा पेटवून निघून गेला होता आणि वारा आमच्या बाजूला फिरला होता. पण ते आम्हाला मागून कळलं. त्या वेळी भोंग्यातून एवढंच आलं, "वनवा आयलाय. उठा."

सर्व नागरिकांना नाही, कळविण्यात येते नाही, नोंद घ्यावी नाही. त्यावरूनच गाव समजलं. पिंपात पोती बुडाली, फांद्या तुटल्या, शिव्या देत देत लोक बरोबर आपापल्या जागी पळाले. तालमीत पाय घासले होते ना, ते आता आपोआप गेले. मी तेवढी राखेचे हात घेऊन मोरीत उभी. मग आठवलं. हात तसेच पदराला पुसत मी घर क्रमांक एकला गेले.

चांगुणा खाटेवर उठून बसली होती. दोन्ही हातांत खिडकीचे गज. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "गप गो. आयकू दे."

मी गप्प राहिले. आयुष्यात फार वेळा राहिलेली नाही, म्हणून लक्षात आहे. बाहेर भोंगा वाजत होता. ती ऐकत होती आणि बोलत होती, स्वतःशीच. शाळा झाली. आता गावदेवी. आता तलावाशी. आता चढतोय, धापा टाकतोय. मग माझ्याकडं तोंड करून म्हणाली, "मना तो असाच दिसतो. सकालपासना संध्याकालपरत, कुठं हाय ते दिसतं."

पाच ठिकाणं कशासाठी ते आम्ही एवढ्या वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

भोंगा वर वर गेला, टेकाडाच्या कडेला आणखी एकदा वाजला आणि थांबला. चांगुणा गज घट्ट धरून बसली. धुराचा वास खिडकीतून आत आला. खुर्चीवाली दोन पोरं दारात आली. काकी, चला, पहिलं नाव तुमचं आहे. ती म्हणाली, त्याचा आवाज आयकल्याबिगर मी उठनार नाय. पोरं माझ्याकडं बघायला लागली. जबरदस्तीनं उचलावं तर बाई गज सोडेना. मला एकदम तिची पकड सैल झाल्यासारखी वाटली, बघते तर तिचा एक हात माझ्या मनगटावर. म्हणाली, "बोल."

मग मी बोलले. काय बोलले ते विचारू नका. शेजारणीच्या जावयानं उलटा शर्ट घालून साखरपुडा केला ते सांगितलं. माझ्या सासूनं मला पहिल्यांदा सुकट भाजायला लावलं आणि मी जवळा कसा कोळसा केला ते. नीलेशला लहानपणी म्हशीनं चाटलं ते. पिशवी घेऊन कुत्र्यांत गेलेल्या सुनेची गोष्ट दोनदा सांगितली. घसा धुरानं जळत होता, डोळ्यांतून पाणी, आणि तोंड चालूच. ती मध्येच म्हणाली, श्वास कवा घेतेस गो? मी म्हटलं, तू कान वर ठेव, श्वासाचं मी बघते.

वर काहीच वाजेना. गोष्टी आठवेनात तेव्हा मी ताकाची कृती सांगायला लागले. ताकाची! घुसळणे यापलीकडं काय असतं त्यात? पण सांगत होते. खुर्चीवाल्या पोरांतलं एक पोर तोंड फिरवून डोळे पुसत होतं.

आणि वरून, धुरातून, लांबून आवाज आला.

"आलू ले लो, कांदा ले लो, लसून सस्ता, सस्ता लसून!"

चांगुणा एवढ्या मोठ्यानं हसली की खाट हलली. म्हणाली, "मेल्याचा घसा बसला! बटन दाबलान." आणि गज सोडून दोन्ही हात पोरांपुढं केले. "चला, कुठं न्यायची ती न्या आता."

न्यायची गरज उरली नव्हती. वणवा भांगापर्यंत आला होता आणि खायला काही न मिळाल्यामुळं तिथंच बसला. उडालेल्या ठिणग्या पोत्यांनी बडवल्या. संध्याकाळ व्हायच्या आत लोक काळी तोंडं घेऊन खाली यायला लागले, आणि सगळ्यांच्या पुढं तो भाजीवाला. भाऊंनी त्याला वाटभर बंद केलं नाही. तलाव, गावदेवी, शाळा, पिंपळ, सगळीकडून सस्ता लसून फिरवून आणला. फाटकाशी मात्र बंद केला. आत येऊन खुंटीला टांगला.

आवाज पार गेला होता. ते खाटेशी बसले, चांगुणानं त्यांच्या तोंडावरून हात फिरवला आणि कपाळाशी थांबली. विचारलं, भुवया कुठं गेल्या? ते नुसते हसले, तिच्या बोटांखाली. मग वही काढली, कायतरी खरडलं आणि माझ्यापुढं धरलं. घर क्रमांक सात, हजर.

भुवया आल्या परत, पण एक वर एक खाली. आवाजही आला, हे दूध वाचलेल्यांना वेगळं सांगायला नको. नीलेशनं पुन्हा विचारलं, काका, आता तरी पुसू का तो भाजीवाला? तर चांगुणाच आतून ओरडली, हात लावशील तर बघ.

आता रोज दुपारी ते फेरीला निघाले की मी खिडकीशी जाऊन बसते. यादीत नाव आहे माझं. पण खरं सांगू का, माझं सगळं सांगून झालंय. कालच जावयाच्या शर्टाची गोष्ट काढली तर ती म्हणाली, मागच्या वेळी बटणं निळी होती, आज पांढरी कशी?

ऐका, वाजला बघा. शाळेशी आहेत.

निघालात? बरं, पण गवत पिवळं पडायच्या आत परत या. इथं ओटीवर नको, सरळ घर क्रमांक एकला या, खिडकीशी दुसरा पाट टाकून ठेवलाय. खाऊ-बिऊ आणू नका. चार नव्या गोष्टी तेवढ्या घेऊन या, आणि शर्टाची बटणं कसली होती ते नीट लक्षात ठेवून या.