बोटभर जागा

दोन शब्दांमधली मोकळी जागा ही लेखनातली सर्वांत स्वस्त वस्तू आहे. तिला शाई लागत नाही, उच्चार लागत नाही, आणि ती कोणी चोरून नेली तर पोलिसांत तक्रारही देता येत नाही. इतक्या स्वस्त वस्तूवर कुठलंही जबाबदार कार्यालय विश्वास ठेवणार नाही. डोळ्यांच्या रुग्णालयाच्या कार्यालयानेही तो ठेवला नाही, याबद्दल त्याचं कौतुकच करायला हवं.

या कार्यालयात एक तरुण कामाला होता. कचेरीत त्याला सगळे 'संगणकवाले' म्हणत आणि घरी आत्या 'शहाण्या' म्हणायची. दोन्हींतला आदर साधारण सारखाच होता. त्याला आत्यानेच लहानाचा मोठा केला होता. तिने उभा जन्म बालवर्ग शिकवला. एक शब्द झाला की डाव्या हाताचं बोट कागदावर ठेवायचं आणि बोटाच्या पलीकडे पुढचा शब्द लिहायचा, हे तिने अर्ध्या गावाला शिकवलं होतं. आता तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. शेजारची पोरं ती पावलांच्या आवाजावरून ओळखायची. "आता लांबवू नका," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण शस्त्रक्रियेची चिठ्ठी संगणकातूनच निघावी लागे, तिच्याशिवाय डॉक्टर डोळ्याला हात लावत नसत, आणि आत्याची चिठ्ठी काही निघत नव्हती.

का निघत नव्हती, हे बालवर्गालाही कळेल. समजा, रुग्णाचं पूर्ण नाव एका डबीत ठेवलंय. शेल नावाचा संगणकातला शिपाई ती डबी उचलतो आणि रुग्णांची यादी चाळणाऱ्या स्क्रिप्टकडे, म्हणजे आधीच लिहून ठेवलेल्या आज्ञावलीकडे, नेतो. डबीला दोन्ही बाजूंनी अवतरणचिन्हं लावलेली असली, तर तो ती बंदच पोचवतो. नसली, तर दारातच उघडून ओततो, आणि मोकळी जागा दिसेल तिथे नावाचे तुकडे पाडतो. पहिला तुकडा स्क्रिप्ट नाव म्हणून घेते. दुसरा तिला हुकूम वाटतो. (आत्याच्या वडिलांचं नाव असं हुकूम ठरलं, हयातीत घरात त्यांना हा मान कधी मिळाला नव्हता.) तिसरा तुकडा तिला वाचायची फाईल वाटतो. ती शोधते, दमते आणि पडद्यावर कळवते: या आडनावाची फाईल सापडत नाही.

कार्यालयाने ही सूचना गांभीर्याने घेतली. सापडत नाही त्याअर्थी फाईल नसणार, म्हणून प्रत्येक आडनावाची एक कोरी फाईल उघडून लोखंडी कपाटात लावण्यात आली. तरी सापडेना. तेव्हा कपाट संगणकाच्या जवळ सरकवलं. तरीही नाही, म्हटल्यावर कपाटाचं दार उघडं ठेवण्यात आलं. एकाच शब्दाचं नाव लावणाऱ्या रुग्णांची कामं मात्र चुटकीसरशी होत. (असे दोघे होते. एक जादूगार, दुसरा पैलवान.) 'ज्यांच्या चिठ्ठ्या निघाल्या, त्यांच्यापैकी शंभर टक्के लोकांच्या चिठ्ठ्या निघाल्या,' अशी नोंद वार्षिक अहवालात आहे.

शेवटी भाचा मोठ्या साहेबांपुढे उभा राहिला.

"साहेब, डबीला अवतरणचिन्हं लावली की झालं."

"किती लागतील?"

"दोन."

"दोन्ही एकदम?" साहेबांनी चष्मा काढला. "अहो, स्क्रिप्ट मंजूर झालेली आहे. उद्या तुम्ही स्वल्पविराम मागाल."

"साहेब, माझी आत्या आंधळी होईल."

"म्हणूनच सहानुभूतीने विचार करतोय," साहेब म्हणाले, आणि त्यांनी एक चिन्ह लगेच मंजूर केलं. दुसरं पुढच्या आर्थिक वर्षात.

भाच्याने एक चिन्ह लावलं. उघडलेलं चिन्ह बंद होईपर्यंत शेल पुढे सरकत नाही, हा त्याचा स्वभाव आहे. तो थांबला आणि नुसती वाट बघत बसला. पडद्यावर सूचना येणं बंद झालं. तक्रारी शून्यावर आल्या म्हणून कार्यालयाने पेढे वाटायचं ठरवलं होतं, इतक्यात जादूगाराचीही चिठ्ठी निघेना. मग ते चिन्ह काढण्यात आलं आणि परिपत्रक निघालं: रुग्णांनी नाव, वडिलांचं वा पतीचं नाव आणि आडनाव सलग, एका दमात लिहावं.

लोक भराभर नावं जोडू लागले. चिठ्ठ्या भराभर निघू लागल्या. उत्साहाच्या भरात कार्यालयाने पाट्याही सलग करून घेतल्या. भाचा नवा अर्ज घेऊन घरी आला.

"आत्या, एवढं नाव जोडून लिही. पुढच्या आठवड्यात डोळे मिळतील."

आत्याने अर्ज चाचपला. सवयीने एक शब्द लिहिला, बोट ठेवलं, दुसरा लिहिला.

"आत्या! जोडून!"

"शहाण्या, तुझं बोट सारखं सरकायचं. तेव्हा तुला किती वेळा लिहायला लावलं, आठवतंय?"

"आठवतंय. पण हे यंत्र आहे गं!"

"मग त्याला शिकव. पोरांना मी वेगळं काय करत होते? पोरगं चुकलं म्हणून मी कधी बाराखडी बदलली नाही."

दुसऱ्या दिवशी भाच्याने दोन्ही चिन्हं लावली: एक साहेबांच्या मंजुरीने, एक स्वतःच्या जिवावर. शेलने डबी उघडली नाही. आत्याची चिठ्ठी सुटसुटीत, तीन शब्दांत बाहेर आली. जोडलेल्या नावांच्याही येत राहिल्या. त्यामुळे काही बिघडलं हे कार्यालयाला समजायला वेळ लागला. तोवर आत्याच्या एका डोळ्यावरची पट्टी सुटली होती.

डोळा उघडल्यावर तिने पहिली वाचली ती भाच्याला आलेली नोटीस: 'एकअवतरणचिन्हजादाआढळलेखुलासाकरावा.'

"हे कोणी लिहिलंय?"

"मोठ्या साहेबांनी."

आत्याने कागद डोळ्यापाशी नेला. "याचंही बोट सरकायचं. तुझ्या कितीतरी आधीच्या वर्गात, मागच्याच बाकावर बसायचा." मग तिने उशीखालची पेन्सिल काढली आणि शब्दांमध्ये एकेक उभी रेघ मारून नोटीस भाच्याच्या हातात दिली. "जा. म्हणावं, नीट लिहून आण, मग खुलासा करू."

भाचा अजून नोकरीवर आहे, कारण मोठे साहेब अजून ती नोटीस नीट लिहिताहेत. चिन्हांपैकी जादा ते काढून टाकायचं ठरलं. कुठलं जादा यावर मतभेद झाल्याने दोन्ही काढली. आत्याचा दुसरा डोळा पुढच्या आर्थिक वर्षावर आहे.

आता वाचकहो, तुम्ही कार्यालयाला पोटभर हसून घेतलंत. पण परवा कुठल्याशा अर्जाने तुमच्या पूर्ण नावाखाली 'मोकळी जागा चालणार नाही' असं लाल अक्षरांत बजावलं, तेव्हा तुम्ही इकडेतिकडे पाहिलंत, आपलंच चुकलं असं समजून नाव जोडून टाकलंत, आणि यंत्राने स्वीकारल्यावर त्याचे आभार मानलेत. तुम्हालाही लहानपणी कोणीतरी बोट ठेवायला शिकवलं होतं. ते तेव्हा कुठे होतं?