संपादक पाहिजे

माणूस दारातून आत आला की तो कोण, कशासाठी आलाय आणि चहात साखर किती घेणार, हे मी एका नजरेत ओळखतो. ही बढाई नाही. छोट्या प्रकाशकाला ही विद्या यावीच लागते. त्याच्याकडे येणाऱ्या तिघांपैकी दोघं कविता घेऊन आलेले असतात आणि तिसऱ्याला खरं तर खालच्या मजल्यावरच्या दातांच्या दवाखान्यात जायचं असतं.

आमची प्रकाशनसंस्था म्हणजे दोन खोल्या, मी आणि माझी बायको. अक्षरजुळणी, मुद्रितं, हिशेब आणि छापखान्याशी भांडण ही खाती तिच्याकडे. मी लेखक सांभाळतो. हसू नका. पुस्तक निघालं की आठवड्याभरात लेखकाचा रडवेला फोन येतो, "माझ्या जावयानं अजून उघडलंसुद्धा नाही हो." तेव्हा त्या जावयाला फोन करून पुस्तकाची गोडी लावणारा माणूस मी!

पण चांगला संपादक काही केल्या मिळत नव्हता. एकानं कादंबरीतल्या भांडकुदळ सासूची भाषा इतकी शुद्ध केली की ती सुनेला शिव्या देतेय की परिपत्रक वाचून दाखवतेय तेच कळेना. एकीला शेवट फार दुःखी वाटला, म्हणून तिनं मेलेल्या आजोबांना शेवटच्या प्रकरणात परत उठवून बसवलं. लेखकाला हे कळलं ते थेट प्रकाशन समारंभात. तिसऱ्यानं अख्खी संहिता महिनाभर ठेवून घेतली आणि समासात एकच शब्द लिहून परत दिली, 'छान.' तोही चौथ्या पानावर.

अशात ती कादंबरी आली. ई-मेलनं, शीर्षकाशिवाय, खाली नुसती आद्याक्षरं. एकाच घरात राहून वर्षानुवर्षं एकमेकींशी न बोलणाऱ्या दोन जावांची गोष्ट. मधला भाग असा की वाचताना माझा चहा गार झाला आणि मला पत्ता नाही. पण तिथवर पोचायला आधी डोंगर ओलांडावा लागत होता. घराचं वर्णन, मग दाराचं, मग दाराच्या कडीचं.

त्याच सुमारास 'संपादक पाहिजे' या आमच्या जाहिरातीला एक उत्तर आलं. चाचणी म्हणून पाठवलेली पानं कुणीतरी अशी तपासली होती की बायकोनं ती दोनदा वाचली. खाली पुन्हा नुसती आद्याक्षरं. आता मराठीत लिहिणारी बाई आहे की बुवा, हे क्रियापद लगेच चहाडी करून सांगतं. पण या दोघांनी 'पाठवत आहे', 'प्रतीक्षेत आहे', 'कळावे' अशी घुमी क्रियापदं वापरली होती की काही थांग लागेना.

बायकोनं दोघांना एकाच सकाळी बोलावलं. आधी लेखक, मग संपादक. आणि नेमकं त्याच सकाळी छापखान्यातून बोलावणं आलं. आमच्या निळ्या मुखपृष्ठाचा रंग तिथं वांग्यासारखा उतरला होता.

"आधी कोण आहात ते विचारा," निघताना ती म्हणाली. "मग बोला."

"अगं, मला विचारावं लागतं का?"

तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि जिना उतरली. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

पहिल्या आल्या त्या साठीच्या बाई. इस्त्रीची साडी, चष्म्याला साखळी, ताठ पाठ. "कादंबरीसंदर्भात तुमचा मेल आला होता," म्हणाल्या, आणि टेबलावरचं आमचं नवं पुस्तक उचलून त्यांनी उघडलं. "पहिल्याच पानावर 'कृतज्ञता' चुकलंय."

संपादक! वेळेआधी आलेली, चष्म्याला साखळी असलेली संपादक. मी खुर्ची पुढे केली.

"बसा. तुमच्यासारखंच माणूस शोधत होतो. आपण आडपडदा न ठेवता बोलू." मी कादंबरीचा छापलेला गठ्ठा त्यांच्यापुढे सरकवला.

त्यांचा चेहरा उजळला. "सगळी छापून काढलीत?"

"त्याशिवाय हिच्याशी लढता येणार नाही."

"लढता?"

"लेखक गुणी आहे, प्रश्नच नाही. पण स्वतःच्या शब्दांवर काय ते प्रेम! दाराच्या कडीवर अख्खं प्रकरण. ती कडी उघडेपर्यंत मी दोनदा झोपलो."

बाई पांढऱ्याफटक पडल्या. मला वाटलं, कामाचा आवाका पाहून.

"झोपलात," त्या म्हणाल्या.

"गाढ. बायकोनं उशी आणून दिली. तेव्हा बेधडक कापा. निम्मी उडाली तरी चालेल. लेखकाची काळजी करू नका, त्याला मी सांभाळतो."

"कसं सांभाळता?"

"आधी भरपूर स्तुती करायची. स्तुतीनं गुंगला की कात्री चालवायची. त्याला कळतसुद्धा नाही."

त्यांनी चष्मा काढून साखळीवर सोडला. मग म्हणाल्या, "ती पद्धत मला चांगली माहीत आहे." गठ्ठा पिशवीत घातला आणि चहा न घेता निघून गेल्या. काय ती कामावरची निष्ठा, मी मनात म्हटलं.

थोड्या वेळानं गृहस्थ आले. केस चहूकडे, एक मोजा काळा, दुसरा तपकिरी. आल्या आल्या खिडकीशी जाऊन बाहेर बघत उभे राहिले. लेखक! शंभर टक्के.

"तुमचं वाचलं," मी हात जोडून म्हणालो. "वाचलं कसलं, त्यात बुडालो."

ते गर्रकन वळले. "तुम्ही... तुम्ही ते वाचलंत? मी पाठवताना घाबरत होतो. वाटलं, कोण उघडून बघणार."

"अहो, तुम्ही मोठे लेखक आहात. आम्ही छापतो. आज, आत्ता."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. लेखकाच्या पाठीशी उभं राहणं म्हणतात ते हेच. मी करारपत्र काढलं. शीर्षक नंतर ठरवू म्हणून ती जागा कोरी ठेवली आणि दोघांनी सह्या ठोकल्या. कडीच्या प्रकरणाबद्दल मी चकार शब्द काढला नाही. ते गेले ते जिन्यावरून गुणगुणतच.

मी पाय टेबलावर टाकून बसलो होतो, तेवढ्यात बायको आली. तिचा चेहरा मुखपृष्ठाच्याच रंगाचा झाला होता.

"जिन्यात एक गृहस्थ भेटले," ती म्हणाली. "फोनवर नोकरीचा राजीनामा देत होते."

"आपले लेखक!"

"संपादकाच्या जागेसाठी आले होते, असं म्हणाले. चाचणीच्या पानांसोबत त्यांनी स्वतःच्या कादंबरीचं एक प्रकरण भीत भीत जोडलं होतं. तुम्ही म्हणे त्यात बुडालात. अहो, ती फाइल आपण उघडलीसुद्धा नाही."

माझे पाय टेबलावरून आपोआप खाली आले.

"मग त्या बाई..." मी म्हणालो.

"कुठल्या बाई?"

मी सांगितलं. कडी सांगितली, झोप सांगितली, उशी सांगितली. बायको हळूहळू खाली बसली. तिनं फोन उचलून लेखकाच्या मेलमधला नंबर फिरवला, दोन मिनिटं बोलली आणि ठेवला.

"निवृत्त भूलतज्ज्ञ आहेत. आयुष्यभर ऑपरेशनच्या टेबलावर लोकांना गुंगी देत आल्या. आणि तुम्ही त्यांना पद्धत शिकवलीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. माफी कशी मागायची ते वाटेत पाठ केलं होतं. डॉक्टरबाईंनी दार उघडलं. हातात कात्री! पाठ केलेलं सगळं पळालं.

"आत या. तिथं बसू नका, तिसरं प्रकरण आहे."

बैठकीच्या खोलीत जमीन दिसत नव्हती. सोफ्यावर, फ्रिजवर, टीव्हीपुढे, सगळीकडे कागद.

"बाई, काल माझ्याकडून..."

"काल मी तुमच्या नावानं बोटं मोडत घरी आले," त्या म्हणाल्या. "दुसरा प्रकाशक बघायचा असं ठरवलंसुद्धा. मग जाऊबाईंना विचारलं. वर्षभर त्या मला सांगताहेत, काय लिहिलंस गं, काय लिहिलंस! म्हटलं, तुम्हाला नेमकं काय आवडलं? तर म्हणाल्या, दार." त्यांनी एक पान कचाकच कापलं. "दाराच्या पुढे त्या गेल्याच नव्हत्या. एका अर्थी बरंच झालं. दाराच्या पुढे त्याच आहेत, आमच्या जुन्या अबोल्यासकट."

मला हसावं की पळावं कळेना.

"सख्ख्या मुलानं सांगितलं नाही, भाच्यानं सांगितलं नाही. तुम्ही तेवढे झोपलात." त्या खुर्चीच्या कडेवर टेकल्या. आवाज एकदम खाली आला. "सुरुवातीचं कापलं मी. पण मधल्या भागात कात्री चालत नाही. आम्ही डॉक्टर घरच्या माणसावर शस्त्र चालवत नाही, ते उगीच नाही. मला बाहेरचं कुणीतरी हवंय. चांगलं. तसं मिळालं तर पुस्तक तुमच्याकडे."

चांगलं माणूस होतंच. फक्त त्याला मी लेखक करून ठेवलं होतं!

त्याच दुपारी त्या गृहस्थांना बोलावलं. ते आपली कादंबरी दोन पिशव्यांत भरून घेऊन आले होते. मी खरं काय ते सांगितलं. ते पिशवीचा बंद पिळू लागले.

"म्हणजे तुम्ही वाचलंच नव्हतं."

"नाही."

"कालचा दिवस चांगला गेला हो," ते म्हणाले. एवढंच. त्यापेक्षा त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तरी मला परवडलं असतं.

बायकोनं पिशवीतली वरची पानं काढली आणि तिथंच उभ्यानं वाचली. मग मला आतल्या खोलीत नेलं. "दुसऱ्याचं इतकं सुरेख दुरुस्त करणारा माणूस स्वतःचं असं कसं लिहितो?"

"वाईट आहे?"

"यांच्या नायकाला जांभई द्यायला दोन पानं लागतात."

पण सही ती सही. करार मोडायचा नाही आणि दिलेला शब्दही मोडायचा नाही, असं तिनंच ठरवलं. गृहस्थांनी डॉक्टरबाईंची कादंबरी संपादित करायला घेतली. आणि डॉक्टरबाई म्हणाल्या, "त्यांच्या पिशव्या माझ्याकडे द्या."

पुढचे काही महिने आमच्या दोन खोल्यांत जे चाललं त्याला युद्धच म्हणावं लागेल. "हा परिच्छेद मेलेला आहे." "तुमच्या जाऊबाई इथं इतक्या वाईट का? त्यांनाही एखादं दुःख द्या की." "तुमच्या नायकाची नाडी लागत नाहीये." दोघं एकमेकांवर इतके खूश की बोलता सोय नाही. डॉक्टरबाईंची कादंबरी निम्मी झाली आणि दुप्पट चांगली झाली. जाऊबाईंनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी आपल्या माहेरी वाटायला प्रती मागितल्या. गृहस्थांची कादंबरी मात्र कापता कापता एक दीर्घकथा उरली. पण अशी, की वाचताना बायकोचासुद्धा चहा गार झाला.

डॉक्टरबाईंचं पुस्तक छपाईला जाण्याआधी प्रकाशकाचं मनोगत म्हणून मी चार पानं लिहिली. मनापासून लिहिली. साहित्य, समाज, छोट्या प्रकाशकाची तपश्चर्या, सगळं आलं होतं. बायको म्हणाली, रीतीप्रमाणे दोघांच्या नजरेखालून जाऊ द्या.

पानं परत आली. एक वाक्य शिल्लक होतं, 'हे पुस्तक आमच्याकडे आलं, हे आमचं भाग्य.' बाकी सगळं लाल. समासात डॉक्टरबाईंच्या अक्षरात लिहिलं होतं, 'एवढंच खरं वाटतं.' आणि खाली गृहस्थांच्या अक्षरात, 'त्यातलं "आमचं" काढता येईल का, पाहा.'

काढलं. छापलंही तसंच. हल्ली घरी कुणी आलं की बायको ते पान उघडून पुढे धरते आणि कौतुकानं सांगते, "हे यांनी लिहिलंय."