संघदीपाच्या चौथ्या रडण्याची मोहीम

"सर, बाळ काऊन रडते, हे बाळाले तरी कळते का?"

हा सवाल भर वर्गात विज्ञानाच्या सरांस घालावा, ऐसी पैज खुशबू आणि रीता या दोघी जिवलग सरदारणींनी मारिली, आणि आमगावची रंजिता, इयत्ता नववी, बेडर उभी राहून सवाल टाकिती जाहली. वर्ग लोटपोट. परंतु सर न कोपता आज्ञापिते जाहले की, भुकेचे रडे निराळे, पोटदुखीचे निराळे, झोपेचे निराळे. घरी कान देऊन ओळखावे आणि उद्या नागझिऱ्याच्या सहलीत आम्हांस सांगावे. पुढे जे घडले ते जैसे घडले तैसे लिहिले आहे, मीठमसाला चिमूटभरच.

ऐसियास, रंजिताच्या घरी धाकटे युवराज संघदीप, अद्याप बिनदाती, आठवडाभर निजण्याच्या वक्ती रणशिंग फुंकीत होते. मातोश्रींनी जागरणांनी जेर होऊन फर्मान काढिले की, आज पोट्टा निजला नाही तर उद्या रंजिताने सहल सोडून त्यास सांभाळावे, आम्ही दिवसा निजणार. मग रंजितास पेच पडला, कारण नागझिऱ्याचा वाघ एकीकडे आणि घरचा वाघ एकीकडे.

सांजेस युद्धास तोंड फुटले. आखूड सूर येताच रंजिताने भूक ओळखिली, आईस पाचारिले, फत्ते जाहली. मग पाय पोटाशी घेऊन किंकाळी आली, तिने पोटातला वारा ओळखिला, आजी कुसुमबाईंनी ओव्याच्या पुरचुंडीने शेकले, तीही फत्ते. मग डोळे चोळून कुरकूर जाहली, लुगड्याच्या झोळीत घालून झोके दिले, आणि गड आला ऐसे वाटते तोच आठाच्या सुमारास भारनियमन होऊन अवघे आमगाव काळोखात बुडाले, आणि युवराजांनी ऐसा चौथा सूर लाविला की गल्लीतली कुत्री माघारी पळाली.

गल्लीत एकच घर मात्र झगमगत होते. पिताश्री भैयालाल यांनी गेल्याच आठवड्यात इन्व्हर्टर नामे तोफ आणून बसविली होती, आणि तिचा अभिमान इतका की शेजाऱ्यांस बोलावून ट्यूबलाइट दाखवीत.

"अंधाराले भेत असन," म्हणोन त्यांनी दुसरीही ट्यूब लाविली, आणि रडे दुप्पट जाहले.

"अंधार हाय कुठी, बाबा?" ऐसे पुसोन रंजिता झोळीवर वाकली, तो संघदीप ट्यूबकडे टक लावून रडे, थांबे, वाट पाही आणि पुन्हा रडे. मग तिच्या ध्यानी आले की हा जन्मल्यापासून याच वक्ती लाइट जाई, सारे पडवीत येत, आजी सुपाने वारा घाली, आणि त्या काळोखात हा निजे. युवराज आपला अंधार मागत होते!

रंजिताचा हात बटनाकडे गेला.

"काऊन बंद करून राहिली, पोरी? बॅटरी फुल हाय ना."

"तुमची फुल हाय. आईची उतरली."

खट्ट जाहले. आजी युवराजांस घेऊन पडवीत आली, सूप हलू लागले, आणि संघदीपाने एक थोर जांभई देऊन शस्त्रे ठेविली. पाठोपाठ मातोश्रीही खांबास टेकल्या टेकल्या पेंगू लागल्या. येणेप्रमाणे चौथे रडे सर जाहले, मुक्काम आमगाव, साक्ष आजीचे सूप.

मग विजयी रंजिताने पेंगत्या आईस आणि जाग्या बाबांस निर्णय जाहीर केला.

"उद्या मी नागझिऱ्याले चालली. बस वापस यायले उशीर होईन. बाबा, आठ वाजले का बटन बंद करा. विसरले, तर तुमीच झुलवा."