लॅपटॉपची वाटणी

आमच्या हिच्या लॅपटॉपवर तळं फिरेना, तेव्हा मी ते मनावर घेतलं. (मी एखादी गोष्ट मनावर घेतली की घरचे देवाचं नाव घेतात.)

तळं अगदी खरंखुरं. ही प्रयोगशाळेत तळ्यांचा अभ्यास करते. किती खोलीवर पाणी किती गार, याचे ढीगभर आकडे एका सॉफ्टवेअरमध्ये घातले की पडद्यावर अख्खं तळं रंगीत होऊन उभं राहतं, गोल फिरवूनही बघता येतं. पण तिच्या लॅपटॉपवरच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमला ते झेपेना. तळं अर्धवट वळायचं आणि थिजायचं. आणि सोमवारी तेच तिच्या साहेबांसमोर, भरल्या सभागृहात दाखवायचं होतं.

मी ऑफिसातल्या मित्राला विचारलं.

"शास्त्राचं काम ना? मग डोळे झाकून लिनक्स सिस्टिम टाक," तो म्हणाला. "सगळे शास्त्रज्ञ तेच वापरतात."

"तू वापरलंयस?"

"मी कुठे शास्त्रज्ञ आहे?"

रविवारी ही मैत्रिणीकडे गेली आणि मी बाह्या सरसावल्या. सुरुवात झकास झाली. मग पडद्यावर एक प्रश्न आला, तो मी मोठ्यानं वाचला, "पार्टिशन करायचं का?"

शेजारी पेपर वाचत पडलेले बाबा ताडकन उठून बसले. (त्यांना कमी ऐकू येतं, पण नको ते बरोबर येतं.)

"मी जिवंत असताना वाटणी?"

"बाबा, घराची नाही, डिस्कची!"

"रिस्कची? मग तर मुळीच नको. सगळं एकत्र राहू दे!"

खाली दुसरा पर्याय होताच: संपूर्ण डिस्क वापरा. एकत्र कुटुंबाला शोभेलसा वाटला. मी बटण दाबलं. भाडेकरूनं आल्या आल्या घरमालकालाच सामानासकट बाहेर काढावं, तसं झालं. नवी सिस्टिम आली आणि जुनं होतं-नव्हतं ते सगळं गेलं.

ही परत आली तेव्हा मी चहाचा कप घेऊन दारातच उभा होतो.

"काय केलंस?" तिनं विचारलं.

"चहा."

"त्याआधी?"

मी सांगून टाकलं. ती शांतपणे चहा प्यायली. (हे जास्त भयंकर.)

"माझे आकडे प्रयोगशाळेतल्या कॉम्प्युटरवरही आहेत," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून मी प्रत्येक गोष्टीच्या दोन प्रती ठेवते."

माझ्या जिवात जीव आला. तिनं आकडे मागवून घेतले, सॉफ्टवेअर टाकलं, आणि काय सांगू, तळं फिरलं! वर लाल, मध्ये हिरवं, तळाशी गर्द निळं. लोण्यासारखं मऊ वळत होतं.

"फिरतंय रे!" ती लहान मुलीसारखी ओरडली आणि माझा खांदा गदागदा हलवला. बाबाही खुर्ची ओढून बराच वेळ बघत बसले. "मासे नाहीत," एवढंच म्हणाले.

सोमवारी प्रयोगशाळेच्या सभागृहात मीही मागच्या रांगेत जाऊन बसलो. टाळ्यांचा कडकडाट झाला. नंतर हिचे साहेब स्वतः माझ्यापाशी आले.

"तुम्हीच का ते? बाई सकाळीच तुमच्याबद्दल बोलत होत्या."

मी कॉलर सारखी केली. "छे हो, साहेब, फार काही नाही. घरच्या घरी जमेल तेवढं..."

"हो, तेच सांगत होत्या," साहेब म्हणाले. "रात्री लॅपटॉप इथंच ठेवायला त्यांनी कुलपाचं कपाट मागून घेतलंय."